तीन युनिट विजेचा धंदा

२०११ च्या जुलैत अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' या वाहनचालकांच्या संघटनेने एक नवा ट्रक लोकांसमोर आणला. निसानची लीफ ही इलेक्ट्रिक गाडी बाजारात येऊन तेव्हा जेमतेम सात-आठ महिने झाले होते. चार्जिंग संपून रस्त्यात थांबलेल्या गाडीपाशी हा ट्रक जाणार, दहा-पंधरा मिनिटे वीज देणार आणि तेवढ्यावर ती गाडी तीन ते पंधरा मैल, म्हणजे पाच ते चोवीस किलोमीटर चालणार, असा बेत होता. पोर्टलँड, सिॲटल, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस अशा मोजक्या शहरांच्या परिसरात सेवा सुरू करायचे ठरले. ट्रिपल ए ही १९०२ साली स्थापन झालेली संघटना. बंद पडलेल्या गाड्या सोडवणे हे तिचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. सभासद होते, पैसा होता, मदतीचे फोन घेणारी यंत्रणा तयार होती. तरीही पहिल्या खेपेला हा उद्योग रुजला नाही. काही वर्षांनी तो थांबला आणि रस्त्यावर इलेक्ट्रिक गाड्या पुरेशा दिसू लागल्यावर, २०२२ च्या सुमारास, नव्या यंत्रांनिशी पुन्हा हाती घेतला गेला.

आपल्याकडे आता हीच कल्पना अनेकांच्या डोक्यात घोळते आहे. एक व्हॅन घ्यायची, तिच्यात बॅटरी किंवा जनरेटर बसवायचा, मोबाइल नंबर रंगवायचा आणि महामार्गावर अडकलेल्या गाड्यांना वीज विकायची. ऐकायला सोपे आणि लोकोपयोगीही. पण या धंद्याचे गणित वरून दिसते तसे नाही. यात वीज हा सर्वांत स्वस्त माल आहे. महाग आहे ते वेळेवर पोचणे. हे ज्याला आधी उमगेल तो टिकेल.

मुळात अडकलेल्या गाडीला किती वीज लागते? आपल्याकडची मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये, म्हणजे एका किलोवॉट-तासात, साधारण सहा-सात किलोमीटर जाते. जवळचे चार्जिंग स्टेशन पंधरा-वीस किलोमीटरवर असेल तर तीन युनिट पुरतात. टाकी भरून द्यायची नसते, पुढच्या स्टेशनपर्यंत पोचवायचे असते. घरगुती दराने या तीन युनिटांची किंमत दोन कटिंग चहा आणि एक वडापाव एवढी. व्यावसायिक दराने घेतली तरी पन्नास रुपयांच्या आसपास.

मग गाड्या अडकतात कशाने? चालकाचा निष्काळजीपणा हे उत्तर अर्धवट आहे. डॅशबोर्डवर दिसणारा उरलेल्या अंतराचा आकडा हा मागच्या प्रवासावरून बांधलेला अंदाज असतो, आणि सह्याद्रीला त्या अंदाजाशी देणेघेणे नसते. खोपोलीहून बोरघाट चढून लोणावळ्याला जायचे म्हणजे साडेपाचशे मीटरहून अधिक उंची गाठायची. माणसांसकट १,६५० किलो वजनाची गाडी तेवढी वर उचलायला नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे अडीच युनिट खर्च होतात, रस्त्यावरचे अंतर कापण्याचा खर्च वेगळा. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणाऱ्याची गोष्ट तर आणखी कठीण. तिथे चढ जवळपास १,३०० मीटरचा, म्हणजे पावणेसहा युनिट फक्त चढण्याचे. चाळीसेक किलोमीटरच्या वाटेला सपाटीवरची पाच-सहा युनिटे धरली तर अकरा-बारा युनिटांचा हिशेब होतो. पोलादपुरात 'शंभर किलोमीटर शिल्लक' असे वाचून निश्चिंत झालेल्या माणसाकडे प्रत्यक्षात पंधरा युनिटेच असतात. चाळीस किलोमीटरनंतर त्यातली बहुतेक संपलेली असतात आणि त्याला कळत नाही की गेली कुठे. उलट उतरताना मोटारच जनित्र होते आणि त्यातली बरीचशी ऊर्जा बॅटरीत परत येते. म्हणून घाटाच्या पायथ्याला हताश होणारी माणसे कमी, घाट चढताना वा माथ्यावर हताश होणारी जास्त, असे साधे अनुमान काढायला हरकत नाही.

दुसरे कारण वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १२० वर गेलात की तो सव्वादोनपट होतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, सरळसोट रस्ता. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. शहरात तीनशे किलोमीटर देणारी गाडी इथे सलग १२० ने पळवली तर अडीचशेही देत नाही, आणि वाटेतले स्टेशन बंद निघाले की माणूस अडकलाच. बंद चार्जर हे तिसरे कारण. ॲपवर हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात मृत असतो, किंवा चालू असतो पण त्याच्यासमोर डिझेलची गाडी लावून मालक जेवायला गेलेला असतो. कोकणात पावसाळ्यात गावाचीच वीज गेली तर चार्जर तरी काय करणार!

आता वीज द्यायची कशी, हा या धंद्याचा तांत्रिक गाभा. मार्ग तीन आहेत.

पहिला, जनरेटर. पेट्रोलवर चालणारा चार-पाच केव्हीएचा जनरेटर व्हॅनमध्ये ठेवायचा आणि गाडीसोबत येणारी तीन पिनांची पोर्टेबल चार्जिंग केबल त्याला लावायची. ही केबल तीन-सव्वातीन किलोवॉटपर्यंत वीज घेते, म्हणजे तासाभरात तीन युनिट, अठरा-वीस किलोमीटर. भांडवल कमी लागते म्हणून बहुतेक जण इथून सुरुवात करायचा विचार करतात. पण पहिल्याच दिवशी एक विचित्र अडचण येते. जनरेटर नीट चालू असतो, त्यावर हॅलोजन लागतो, ड्रिल मशीन फिरते, पण गाडी चार्ज होत नाही. केबलच्या डब्यावर लाल दिवा लागतो.

कारण अर्थिंगमध्ये आहे. घरच्या जोडणीत न्यूट्रल कुठेतरी जमिनीशी जोडलेली असते. लहान पोर्टेबल जनरेटरमध्ये ती बहुधा कशालाच जोडलेली नसते, तरंगती असते. इलेक्ट्रिक गाडीची केबल वीज घेण्याआधी अर्थिंग तपासते आणि ते सापडले नाही तर सरळ नकार देते. यावर उपाय आहे. जनरेटरच्या न्यूट्रल आणि अर्थ यांचा नियमानुसार एका जागी सांधा करायचा, सोबत गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बसवायचा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. यूट्यूबवर पाहून प्लगमध्ये तार वळवणारे महाभाग आहेत. पावसात ओल्या रस्त्यावर दुसऱ्याच्या गाडीला हात लावताना तो प्रयोग जिवावर बेतू शकतो. शिवाय जनरेटर इन्व्हर्टर जातीचा, शुद्ध साइन वेव्ह देणारा हवा. लग्नाच्या मांडवातला जुना जनरेटर इथे कामाचा नाही.

दुसरा मार्ग, बॅटरी. लिथियम आयर्न फॉस्फेटचा वीस युनिटांचा संच सांगाड्यासकट दीडशे-दोनशे किलोपर्यंत भरतो, म्हणजे लहान टेम्पोला सहज पेलणारा. त्याला डीसी चार्जर जोडला की गाडीच्या मोठ्या गनमधून, म्हणजे सीसीएस-२ मधून, वीस किलोवॉटने वीज देता येते. जे जनरेटरला तासभर लागते ते इथे दहा मिनिटांत होते. एका भरलेल्या संचात पाच-सहा गाड्या मार्गी लागतात, आवाज नाही, धूर नाही. 'पेट्रोल जाळून इलेक्ट्रिक गाडी चार्ज करता का' हा टोमणाही ऐकावा लागत नाही. अडचण पैशांची. संच आणि डीसी चार्जर मिळून गुंतवणूक काही लाखांत जाते आणि व्हॅन परत आल्यावर तो संच स्वतः चार्ज करायलाही वेळ लागतो.

तिसरा मार्ग ब्रिटनमधल्या आरएसी या संस्थेने २०१९ पासून वापरला. मदतीच्या व्हॅनच्या इंजिनावरच जनित्र बसवायचे. वेगळा जनरेटर नको, वेगळी बॅटरी नको. मात्र यासाठी व्हॅनमध्ये कारखान्याच्या दर्जाचे फेरफार करावे लागतात. आपल्याकडच्या एखाद्या गॅरेजवाल्याने त्या वाटेला जाऊ नये.

आणि एक चौथी गोष्ट, जी या धंद्याच्या मुळावर येऊ शकते. २०२३ मध्ये आलेल्या नव्या नेक्सॉन ईव्हीपासून काही गाड्यांमध्ये एका गाडीतून दुसऱ्या गाडीला वीज देण्याची सोय आली आहे. मित्राची गाडी मागे असेल तर तोच तुमचा चार्जिंग ट्रक.

यंत्र कोणतेही घ्या, व्हॅनमध्ये सगळ्यांत आधी ठेवायची वस्तू मात्र वेगळीच आहे: बारा व्होल्टचा जंप स्टार्टर. इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात. जमिनीखाली पसरलेली तीनशे-चारशे व्होल्टची मोठी, आणि बॉनेटखाली साध्या गाडीसारखी बारा व्होल्टची लहान. दरवाजे, स्क्रीन, संगणक सगळे लहान बॅटरीवर चालते. मुख्य म्हणजे मोठ्या बॅटरीला मोटारीशी जोडणारे स्विच बारा व्होल्टवर मिटतात. ती लहान बॅटरी गेली की मोठीत ऐंशी टक्के चार्ज असूनही गाडी दगड. गन लावली तरी चार्जर आणि गाडी यांच्यात बोलणेच सुरू होत नाही, कारण गाडीच्या बाजूने बोलणारा संगणक झोपलेला असतो. जर्मनीतली एडीएसी ही वाहनचालकांची संस्था दरवर्षी गाड्या का बंद पडल्या याची आकडेवारी काढते. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाबतीतही त्यातल्या जवळपास निम्म्या घटनांत दोषी ही साधी बारा व्होल्टची बॅटरी असते. वीस युनिटांची यंत्रणा घेऊन गेलेला माणूस जंप स्टार्टर विसरला तर अर्ध्या गिऱ्हाइकांपुढे हात चोळत उभा राहील.

दुसरी वस्तू टायरची. काही इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनीच नसते, नुसते पंक्चर किट असते. बाजूची भिंत फाटली की किटचा उपयोग नाही. गाड्या जड असतात, खड्डा जोरात लागतो. आणि त्या उचलताना जॅक कुठे लावायचा हे ठाऊक असलेला पंक्चरवाला महामार्गावर क्वचित भेटतो. तळाला सगळी बॅटरी पसरलेली. चुकीच्या जागी जॅक लावला तर पाचशे रुपयांच्या पंक्चरपायी लाखांचे नुकसान. गाडी ओढून नेतानाही तेच. चाके रस्त्यावर फिरत ठेवून इलेक्ट्रिक गाडी दोरीने ओढली तर मोटारीतली चुंबके फिरून वीज तयार होते आणि ती यंत्रणा बिघडवते. म्हणून बहुतेक कंपन्या फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट ट्रकवर, चारही चाके उचलून न्यायला सांगतात. आपल्याकडचा सवयीचा क्रेनवाला पुढची चाके उचलून मागची फिरत ठेवतो, किंवा त्याउलट. त्याला आधी कोणती चाके ओढणारी आहेत ते सांगावे लागते, आणि तो ते हसण्यावारी नेतो.

हाच फ्लॅटबेड चार्जिंग व्हॅनचा खरा प्रतिस्पर्धी. द्रुतगती मार्गाच्या कडेला मोटार उभी ठेवून तासभर चार्ज करणे हा मृत्यूला आमंत्रण देणारा उद्योग आहे, विशेषतः रात्री. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला, तेव्हापासून कडेला उभ्या वाहनावर मागून ट्रक आदळल्याच्या बातम्या किती वाचल्या असतील! फ्लॅटबेड वीस मिनिटांत गाडी चढवतो आणि थेट चार्जिंग स्टेशनवर सोडतो. जनरेटरवाली व्हॅन त्याच्यापुढे हरते. बॅटरीवाली दहा मिनिटांत काम उरकून जिंकू शकते. म्हणजे स्वस्त यंत्र गावात आणि घाटरस्त्यांवर, महाग यंत्र महामार्गावर, अशी कामाची वाटणी आपोआप ठरते.

समृद्धीसारख्या नियंत्रित प्रवेशाच्या रस्त्यावर आणखी एक पेच आहे. गाडी वाशिम जिल्ह्यात मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला अडकली आणि तुमची व्हॅन समोर नागपूरकडच्या बाजूला आहे. मध्ये दुभाजक. पुढच्या इंटरचेंजपर्यंत जा, वळा, परत या. पंचवीस किलोमीटरचे अंतर सहज पन्नास-साठ होते. शिवाय हे रस्ते महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचे. गस्त, क्रेन, रुग्णवाहिका यांची व्यवस्था त्यांच्या नेमणुकीने चालते. तिथे खासगी व्हॅन नेऊन कडेला काम करायचे तर महामंडळाची किंवा त्यांच्या ठेकेदाराची मान्यता हवी. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ या मदत क्रमांकाची यंत्रणा आहे, तिथेही तसेच. आपण समाजसेवा करतो आहोत या भावनेने परवानगीशिवाय पोचणाऱ्याला पहिला दंड पोलिसांचा बसतो.

कायद्याचा उरलेला भाग तुलनेने सोपा आहे. विद्युत अधिनियम २००३ प्रमाणे वीज विकायला परवाना लागतो. पण एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले की वाहन चार्ज करणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, त्यासाठी परवाना नको. सेवा म्हटल्यावर तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. व्हॅनमध्ये जड यंत्र कायमचे बसवणे हा वाहनातला बदल ठरतो आणि मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी लागते. ती न घेता अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. चार्जिंग करताना गिऱ्हाइकाच्या गाडीला काही झाले तर त्याची भरपाई देणारा वेगळा विमाही घ्यावा.

आता पैसे. आकडे कल्पित आहेत, पण रीत हीच. समजा खोपोलीत ठाणे केले, एका फेरीला सरासरी साठ किलोमीटर, किलोमीटरला दहा रुपये, म्हणजे सहाशे. व्हॅनवर दोन माणसे, प्रत्येकी साडेसातशे रोज, महिन्याचे पंचेचाळीस हजार. कर्जाचा हप्ता वीस हजार. विमा, फोन, देखभाल सात हजार. एका मदतीचे दोन हजार रुपये घेतले आणि रोज एक गाडी मिळाली तर महिन्याला साठ हजार जमा आणि नव्वद हजार खर्च. रोज दोन मिळाल्या तर एक लाख वीस हजार जमा, एक लाख आठ हजार खर्च, वर तीन हजारांची वीज. हाती उरतात नऊ हजार. विजेचा खर्च या सगळ्यात शोधावा लागतो.

रोज दोन गाड्या मिळतील का? इथे ब्रिटनचा अनुभव कामाला येतो. तिथल्या एए या संस्थेकडे इलेक्ट्रिक गाड्यांच्या मदतीचे जितके फोन येतात त्यांत चार्ज संपलेल्या किंवा संपत आलेल्या गाड्यांचे प्रमाण २०१५ मध्ये शंभरात आठ होते. २०२३ पर्यंत ते शंभरात दोनवर आले. त्यातही पार शून्यावर गेलेल्या थोड्या. घाबरून आधीच थांबलेल्या जास्त. मोठ्या बॅटऱ्या आल्या, चार्जर वाढले, चालक शहाणे झाले. आपल्याकडे चार्जर विरळ आहेत म्हणून २०१५ च्या ब्रिटनचे आठ टक्के धरू. तरी रोज दोन गाड्या हव्या तर तुमच्या परिसरात रोज पंचवीस इलेक्ट्रिक मोटारी कशा ना कशा कारणाने बंद पडायला हव्यात. दोन टक्के धरले तर शंभर. देशात २०२४-२५ या वर्षात विकल्या गेलेल्या इलेक्ट्रिक मोटारी एक लाखापेक्षा थोड्या जास्त, म्हणजे दर शंभर मोटारींत अडीच. खोपोलीत काय किंवा समृद्धीलगतच्या मेहकरला काय, रोज शंभर तर सोडाच, पंचवीस बंद इलेक्ट्रिक मोटारी आज मिळणार नाहीत.

महाराष्ट्राचे २०२५ चे इलेक्ट्रिक वाहन धोरण इथे दोन्ही बाजूंनी ओढते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू या तीन रस्त्यांवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी देऊन ते गाड्या नेमक्या याच रस्त्यांवर आणते. आणि महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंग स्टेशनचे उद्दिष्ट ठेवून त्या अडकण्याची शक्यता कमी करते. गिऱ्हाईक वाढेल, पण त्याची ही विशिष्ट गरज घटत जाईल. धोरण २०३० पर्यंतचे आहे. नुसत्या चार्जिंगवर उभ्या धंद्याला यातली सुरुवातीची तीन-चार वर्षे मिळतील, फार तर.

परदेशातल्या कंपन्यांनी हे आधी भोगले आहे. जोशुआ अविव याने सिराक्यूज विद्यापीठात शिकत असताना स्पार्कचार्ज या कंपनीची कल्पना मांडली. एकमेकांवर रचता येणारे बॅटरीचे डबे डिकीत टाकून गाडीपाशी न्यायचे. २०२० मध्ये 'शार्क टँक' कार्यक्रमात त्याला मार्क क्यूबन आणि लोरी ग्राइनर यांनी पैसा दिला. पण पुढे कंपनीचा रोख एकट्यादुकट्या अडकलेल्या मोटारीवरून गाड्यांच्या ताफ्यांकडे वळला, कारण ताफ्याला रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी वीज लागते. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या फ्रीवायरने चाकांवरच्या चार्जरने सुरुवात केली, नंतर एका जागी बसवायच्या बॅटरीवाल्या चार्जरकडे वळली आणि २०२४ मध्ये तिने गाशा गुंडाळला. चीनमध्ये निओ ही कंपनी २०१८ पासून चार्जिंगच्या व्हॅन चालवते, पण ती गाड्याही स्वतःच विकते. व्हॅनचा तोटा तिला गाडीच्या किमतीत जिरवता येतो. आपल्याकडेही गुरुग्रामच्या हॉपचार्जने रस्त्यात अडकलेल्या गाडीऐवजी घराच्या दारात उभ्या गाडीला वीज देण्याचा मार्ग धरला, तोही याच विचाराने. अडकलेला माणूस हे बेभरवशाचे गिऱ्हाईक आहे. तो पुन्हा तुमच्याकडे येऊ नये अशीच त्याची इच्छा असते.

तरीही हा धंदा करता येईल. फक्त चार्जिंग हा त्याचा एक कप्पा ठेवायचा, दुकान नव्हे. ज्याचे घाटाच्या पायथ्याला किंवा माथ्याजवळ, माणगावला, चिपळूणला, मलकापूरला गॅरेज किंवा टायरचे दुकान आहे त्याने हे सुरू करावे. त्याची जागा, माणसे, गाडी आधीच आहे. हप्त्याचा आणि पगाराचा मोठा भार चार्जिंगवर पडत नाही. पहिले वर्ष साध्या साइन वेव्ह जनरेटरवर, नीट अर्थिंग करून, जंप स्टार्टर आणि टायरच्या सामानासह काढावे. गिऱ्हाईक रस्त्यावर शोधू नये. नव्या गाडीसोबत आणि विम्यासोबत मिळणारी रस्त्यातली मदत, जिला सगळे आरएसए म्हणतात, ती कंपन्या स्वतः करत नाहीत. गावोगावच्या क्रेनवाल्यांना, मेकॅनिकना प्रतिकाम पैसे देऊन करवून घेतात. त्यांच्या यादीत 'इलेक्ट्रिक गाडी हाताळता येते' असे नाव लागले की पंक्चर, बारा व्होल्ट, फ्लॅटबेड आणि कधीमधी चार्जिंग असे मिश्र काम येते. पैसे उशिरा मिळतात ही त्यातली खरी तक्रार, त्यासाठी दोन-तीन महिन्यांचे खेळते भांडवल हाताशी ठेवावे.

आपल्या पट्ट्यातल्या टॅक्सी आणि मालवाहू टेम्पोंच्या मालकांशी महिन्याचा करार झाला तर आणखी उत्तम. ताफ्याचा चालक रोज त्याच रस्त्याने जातो, वेळेचे नुकसान त्याला रुपयांत कळते. दुचाकींच्या नादी लागू नये. स्कूटर दोघांनी उचलून टेम्पोत टाकली की प्रश्न मिटतो. एसटीच्या इलेक्ट्रिक बसचा तर विचारच नको, तिच्या बॅटरीपुढे तुमची वीस युनिटे म्हणजे घोटभर पाणी.

सुरक्षेबाबत दोन गोष्टींवर तडजोड नाही. अपघात झालेली किंवा पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी कोणी कितीही विनवले तरी चार्ज करायची नाही. बॅटरीत आत काय बिघडले आहे ते बाहेरून दिसत नाही आणि आग तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशीही लागू शकते. ती सरळ फ्लॅटबेडवर. दुसरे, गाडीच्या केशरी रंगाच्या केबलना हात लावायचा नाही. त्या उच्च दाबाच्या असतात आणि ते काम प्रशिक्षित माणसाचे. सरकारी आयटीआयमध्ये आता मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिथून बाहेर पडलेला मुलगा कामाला घ्या, त्याचा पगार एका चुकीच्या भरपाईपेक्षा स्वस्त पडेल.

भांडवलासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा उद्योगाला वीस लाखांपर्यंतचा प्रकल्प मंजूर होऊ शकतो, आणि प्रवर्ग व जागेनुसार १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते. पण अनुदानाच्या आशेने महागडा बॅटरी संच पहिल्याच दिवशी घेऊ नका. आधी सहा महिने आपल्या रस्त्यावर किती इलेक्ट्रिक मोटारी बंद पडतात, का पडतात आणि त्यांना सोडवायला कोण येते, याची वहीत नोंद ठेवा. टोलनाक्यावरचे कर्मचारी, ढाबेवाले, क्रेनवाले यांना विचारले की हे सहज कळते. वही रिकामी राहिली तर व्हॅन घेऊ नका. भरली, तर त्यातल्या बहुतेक ओळी टायरच्या आणि बारा व्होल्टच्या असतील. तेवढे काम आजच सुरू करता येते.